मोबाईलचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

द्वितीय वर्ष कला

नवा मोबाईल पसंत पडला, रंग ठरला, पैसे मोजून झाले, की दुकानातला माणूस बिल करण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारतो : "ताई, प्रोटेक्शन टाकू ना?" प्रश्नाची ठेवणच अशी, की 'नाही' म्हणणारा कंजूष ठरावा. शिवाय तो विचारला जातो अशा वेळी, जेव्हा एवढी मोठी रक्कम खिशातून गेल्यावर आणखी हजार-दीड हजार जाणे फारसे बोचत नाही. 'टाका' म्हणणारे पुष्कळ आणि 'नको' म्हणणारेही पुष्कळ; पण आपण हो किंवा नाही नेमके कशाला म्हणालो, हे सांगू शकणारा मला अजून भेटायचा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

शासकीय मराठीत ह्या यंत्राला भ्रमणध्वनी म्हणतात. आमच्या घरी त्याला फोनच म्हणतात, म्हणून येथेही फोनच म्हणते.

हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही, त्याचे कारण आधीच सांगून टाकावे हे बरे. गेल्या जूनमध्ये माझ्यासाठी जो फोन घेतला त्याची किंमत १३,५०० रुपये. आईने दोन शेळ्या विकल्या तेव्हा तो आला. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि आजच्या काळात ती पायरी फोनवाचून चढता येत नाही. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी, परीक्षेचे हॉलतिकीट, सरांनी पाठविलेल्या टिपणांच्या पीडीएफ, सगळे त्याच काचेच्या आत. ती काच फुटली तर काय, हा प्रश्न आमच्या घरी चुलीपुढे बसून चर्चिला गेला आहे. आमच्या दुकानदाराच्या योजनेत एक बरे होते, की फोन घेतल्यापासून सात दिवसांत ती केव्हाही घेता येत होती. किंमत १,३९९ रुपये. मी योजनेचा कागद मागून घेतला आणि ते सात दिवस तो वाचण्यात घालविले. पुढचे विवेचन त्या वाचनातून आलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'प्रोटेक्शन' ह्या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. फोनबरोबर फुकट येते ती कंपनीची वॉरंटी. ती साधारणपणे फोनला एक वर्ष आणि चार्जरसारख्या सोबतच्या वस्तूंना पुष्कळदा सहा महिने असते. ती फक्त कारखान्यातून आलेल्या दोषाची हमी आहे. फोन तुमच्या हातून पडला तर तो कारखान्याचा दोष नव्हे. दुसरी वस्तू वाढीव वॉरंटी. ती हीच हमी दुसऱ्या वर्षापर्यंत ताणते, पण पडणे-फुटणे तिच्यातही बसत नाही. विजेवर चालणाऱ्या वस्तूंविषयी अभियंते असे सांगतात, की त्या बिघडायच्या तर एक तर अगदी नव्या असताना बिघडतात, नाही तर झिजून जुन्या झाल्यावर. मधला काळ बहुधा बरा जातो. नवेपणाचा काळ फुकटच्या वॉरंटीत निघून जातो. तेव्हा वाढीव वॉरंटीत आपण पैसे भरतो ते मुख्यतः ह्या बऱ्या काळासाठी, हे ध्यानात घ्यावे. तिसरी वस्तू अपघाती नुकसानीची योजना. म्हणजे फोन पडला, फुटला, पाण्यात गेला तर दुरुस्ती. लोकांच्या मनात असते ती हीच, पण बिलावर काही वेळा येते ती दुसरी. बिलावरचे नाव वाचावे.

ह्या तिसऱ्या वस्तूतही एक पोटभेद आहे. तो किरकोळ दिसतो, पण नाही. काही योजनांमागे खरीखुरी विमा कंपनी असते, आणि तिच्यावर १९९९ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या विमा नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. काही योजना म्हणजे नुसता दुरुस्तीचा करार असतो. त्यात विमा कंपनी नसतेच. तंटा झाला तर पहिल्या प्रकारात विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते (पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत), दुसऱ्या प्रकारात ते दार बंद. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत विमा कंपनीचे नाव आहे की नाही, एवढे पाहिले तरी हा उलगडा होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. विमा म्हणजे काय? पुष्कळांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याने त्यातून उचलायचे. कल्पना आपल्या लोकांना परकी नाही. आईच्या बचत गटाची जातकुळी जवळपास हीच. फरक एवढाच, की गटात उरलेले पैसे गटातच राहतात. विमा विकणाऱ्याला कचेरी चालवायची असते, दुकानदाराला कमिशन द्यायचे असते, नफा काढायचा असतो, वर १८ टक्के जीएसटी. म्हणून सरासरी माणसाला विम्यातून जे परत मिळते ते भरलेल्या पैशांहून कमीच असते. ते तसे असणारच, त्यात फसवणूक काही नाही. मग शहाणी माणसे विमा घेतात तरी का?

ह्याचे उत्तर मला एका फार जुन्या निबंधात सापडले. डॅनियल बर्नुली नावाच्या गणितज्ञाचा हा निबंध १७३८ साली पीटर्सबर्गच्या अकादमीने लॅटिनमध्ये छापला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९५४ साली झाले. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी उपयुक्तता शिकविताना त्याचा नुसता उल्लेख केला होता. त्यात एक उदाहरण आहे. पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅमला माल घेतला. तो पीटर्सबर्गला सुखरूप पोहोचला तर १०,००० रुबल मिळतील. पण त्या मोसमात त्या वाटेने निघालेल्या शंभर जहाजांपैकी पाच बुडतात. हिशेबाने विम्याचा रास्त हप्ता ५०० रुबल व्हायला हवा, पण ८०० च्या खाली कोणी विमा उतरवायला तयार नाही. व्यापाऱ्याने विमा घ्यावा की न घ्यावा?

बर्नुली म्हणतो, ते व्यापाऱ्याच्या तिजोरीवर अवलंबून आहे. ह्या मालाखेरीज त्याच्यापाशी ५,०४३ रुबलांहून जास्त पुंजी असेल तर त्याने विमा घेऊ नये, बुडाले तर सोसावे. पुंजी त्याहून कमी असेल तर तोच महागडा ८०० चा हप्ता भरणे शहाणपणाचे. कारण रुपयाची किंमत सगळ्यांना सारखी नसते. ज्याच्याकडे थोडेच आहेत त्याचा एकेक रुपया वजनदार, आणि शेवटचे रुपये तर सर्वांत वजनदार. तेच समुद्र, तेच जहाज, तोच हप्ता. पण एकाला तो उधळपट्टी आणि दुसऱ्याला आधार. हे वाचले तेव्हा मला फार समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे. श्रीमंत आणि गरीब ह्यांचे शहाणपण वेगळे असू शकते, ही गोष्ट पावणेतीनशे वर्षांपूर्वी कोणी गणिताने मांडून ठेवली होती!

ह्या न्यायाने मी तर योजना घ्यायलाच हवी होती. माझ्याजवळ फोनखेरीज पुंजी ती काय? पण बर्नुलीच्या व्यापाऱ्याला जहाज बुडाल्यास पुरे १०,००० मिळणार होते. माझ्या कागदात काय मिळणार होते ते आता पाहू.

कागद चार पानांचा होता. त्यातले पाऊण पान काय मिळेल ह्याचे आणि सव्वातीन पाने काय मिळणार नाही ह्याची. चोरी नाही. फोन हरवला तर नाही. ओरखडे नाहीत. बॅटरी उतरली तर नाही. फोन बाहेर कोठे उघडलेला असेल तर नाही. वर्षातून एकच वेळ दावा, आणि त्या वेळी आपण ५०० रुपये भरायचे. फोन दुरुस्तीपलीकडे गेला तर किंमत घसारा वजा करून : पहिल्या सहा महिन्यांत २५ टक्के, पुढे ४० टक्के. नुकसान झाल्यापासून ४८ तासांच्या आत कळविले पाहिजे.

ही शेवटची अट वाचून वडील हसले. पीकविम्यामुळे आमच्या गावात सगळ्यांना अशी कलमे पाठ आहेत. अतिवृष्टीने शेतात पाणी साचले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते आणि नेमके त्याच वेळी गावात वीज नसते. पण पीकविम्याची तुलना येथे फार ताणता येत नाही. प्रधानमंत्री पीकविम्यात २०१६ पासून शेतकऱ्याच्या वाट्याला खरिपाच्या सोयाबीनला २ टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के असा हप्ता येतो, उरलेला केंद्र आणि राज्य सरकार भरते. महाराष्ट्रात तर २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. तेथे हप्त्याचा मोठा भाग दुसरा कोणी भरतो. फोनच्या योजनेत सगळा हप्ता आपला, आणि दुकानदाराचे कमिशनही आपले.

चोरीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. चोरीचा समावेश असलेल्या महाग योजनाही मिळतात. परंतु 'चोरी' म्हणजे काय हे त्या कागदात लिहिलेले असते, आणि ती व्याख्या आपल्या मनातली नसते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी आणि हरचंद राय चंदन लाल ही पेढी ह्यांचा वाद गेला होता. पेढीचा माल चोरीला गेला, विमा घरफोडीचा होता. पण पॉलिसीतील व्याख्येप्रमाणे चोराने बळाचा वापर करून आत शिरणे आवश्यक होते, आणि तसे घडल्याचे दिसत नव्हते. कराराचे शब्द आहेत तसेच वाचावे लागतील, असे म्हणून न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आता आपल्या एस.टी. स्टँडचा विचार करा. तेथे खिशातून फोन जातो तेव्हा कोणी बळ वापरत नाही. अतिशय हळुवारपणे जातो. योजनेत बळजबरीची अट असेल, तर अशा चोरीचा दावा कुठवर टिकेल?

पाण्याचेही असेच. फोनच्या खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेले असले की आपल्याला वाटते तो पाण्याला भीत नाही. त्यातला ६ हा आकडा धुळीचा. पुढचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून अधिक, किती ते कंपनी सांगेल. ह्या चाचण्या होतात प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात आणि नव्या फोनवर. साबणाच्या बादलीचे त्यात काही नाही. शिवाय फुकटच्या वॉरंटीतून बहुतेक कंपन्या पाण्याचे नुकसान वगळतातच. आत एक लहानशी पट्टी असते, ती पाणी लागले की लाल होते, आणि तंत्रज्ञ प्रथम तीच पाहतो.

इतके झाल्यावर मी हिशेब मांडला. अधिकृत सेवा केंद्रात विचारले, माझ्या फोनचा डिस्प्ले बदलायला ३,९०० रुपये. योजना असेल तर त्यातले ५०० माझे, म्हणजे वाचतील ३,४००. पूर्ण निकामी झाला, आणि तो सहा महिन्यांनंतर झाला असे धरले, तर १३,५०० चे ४० टक्के वजा जाऊन ८,१००, त्यातून ५०० गेले, हाती ७,६००. आता हे प्रसंग किती वेळा येतात? आमच्या वसतिगृहाच्या एका मजल्यावर आम्ही २८ जणी आहोत. मी खोल्याखोल्यांतून फिरून विचारले : गेल्या वर्षभरात चौघींचे डिस्प्ले फुटले, एकीचा फोन बादलीत पडून कायमचा गेला, आणि दोघींचे चोरीला गेले, एक बसमध्ये, एक आठवडी बाजारात.

आम्ही अठ्ठावीसही जणींनी ही योजना घेतली असती आणि सगळ्यांचे फोन माझ्यासारखेच असते असे समजा. भरणा झाला असता ३९,१७२ रुपये. परत आले असते चार डिस्प्लेंचे १३,६०० आणि बादलीचे ७,६००, एकूण २१,२००. दर डोई ७५७ रुपये. म्हणजे ७५७ रुपयांच्या वस्तूला १,३९९. बर्नुलीच्या विमेकऱ्याने पाचशेला आठशे मागितले तर त्याला ते अवाजवी वाटले होते! अठ्ठावीस हा आकडा लहान आहे, पुढच्या वर्षी बादल्या दोन होतील, हे मी जाणून आहे. विम्याचे गणित हजारो-लाखोंवर बसते, मजल्यावर नाही. पण कंपनीचे लाखोंचे आकडे माझ्याजवळ नाहीत, मजला आहे.

मात्र ह्या हिशेबातली मला बोचलेली गोष्ट हप्ता महाग असणे ही नव्हे. महाग हप्ता गरिबाने भरावा, असे बर्नुलीनेच सांगितले आहे. बोचली ती दुसरी. डिस्प्ले फुटला तर ३,९०० रुपये लागतील. ते जड आहेत, पण आईच्या गटातून उचलून चार महिन्यांत फेडता येतील. गावातल्या दुकानात साधा कॉम्बो, ज्याला काही जण फोल्डर म्हणतात, तो १,८०० त बसतो. वॉरंटीची मुदत उलटलेली असेल तर तेही चालेल. जे आम्हांला सोसणार नाही ते म्हणजे फोन समूळ जाणे. आणि मजल्यावर फोन समूळ गेले तिघींचे, त्यातले दोन चोरीने, ज्याला ह्या योजनेत एक पैसाही नाही. म्हणजे जे नुकसान मी कसेबसे सोसू शकते ते ही योजना सोसते, आणि जे मला सोसवणार नाही ते माझ्यावरच ठेवते. विमा असायला हवा त्याच्या नेमका उलट.

म्हणून कोणी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. माझा आत्तेभाऊ पुण्यात मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवितो. त्याचा फोन दिवसाचे दहा तास हँडलवर बांधलेला, पावसातही. फोन बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. त्याने योजना घेतली होती, आणि गेल्या श्रावणात डिस्प्ले गेला तेव्हा बिल आणि फोटो त्याच रात्री पाठवून त्याने तो बदलूनही घेतला. त्याच्या बाबतीत फोन फुटण्याचा संभव आमच्या मजल्याच्या कितीतरी पट. पण गंमत अशी, की असेच लोक योजना जास्त घेतात आणि त्यामुळेच हप्ता चढा राहतो. ह्याला अर्थशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लेख लिहून हाच प्रश्न उलगडला, आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यात त्या लेखाचा मोठा वाटा होता. तात्पर्य, हँडलवरच्या फोनसाठी ठरलेला हप्ता दप्तरातल्या फोनने भरायचा.

विक्रीच्या पद्धतीविषयी दोन शब्द. फोन हप्त्यांवर घेताना योजनेचे पैसे मासिक हप्त्यातच मिसळले जातात आणि दिसेनासे होतात. ते वेगळे लिहून मागावेत. ऑनलाईन खरेदीत योजनेच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. आपण न मागितलेली वस्तू अशी टोपलीत सरकविण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरविले आहे; अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच तेथे आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. विकणारी कंपनी दिल्लीची असली तरी दिल्लीला जावे लागत नाही, ही आपल्यासारख्यांना मोठीच सोय.

चोरीवर मात्र पैसे न देता करण्यासारखे एक काम आहे, आणि ते आमच्या मजल्यावरच्या दोघींनाही ठाऊक नव्हते. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबले की पडद्यावर येतो. तो वहीत लिहून ठेवावा, फोनमध्ये नव्हे. फोन गेला की पोलिसांत तक्रार नोंदवून दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावर तो क्रमांक बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. फोन मिळेलच असे नाही, पण देशातल्या कोणत्याही सिमकार्डावर तो चालेनासा होतो.

सातव्या दिवशी मी योजना न घेण्याचे ठरविले. जाड कडांचे कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास मिळून ३५० रुपये झाले. उरलेले १,०४९ रुपये आईने टपाल कार्यालयातल्या माझ्या बचत खात्यात भरले आणि ते फोनखेरीज कशालाही काढायचे नाहीत असे बजावले. आयएमईआय क्रमांक अर्थशास्त्राच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि आता मजल्यावरच्या बाकी सत्तावीस जणींच्याही वह्यांवर त्यांचे त्यांचे आहेत.